चार पदरी गोधडी आणि एक बाळंतविडा

जुन्या साड्यांची गोधडी करायला घेतली की सुईदोरा बऱ्याच उशिरा हातात येतो. आधी प्रत्येक साडी उजेडासमोर धरून बघावी लागते. दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड आडवं ताणायचं, मग उभं ताणायचं. ज्यात अजून जीव आहे ते कापड ताण सोडला की जागेवर येतं. विरलेल्या कापडाचे धागे बाजूला सरकतात, मध्ये जाळी दिसायला लागते, आणि आणखी जरा जोर दिला तर ते आवाजसुद्धा न करता फाटतं. हे मला सासूबाईंनी शिकवलं. त्या मूळच्या वाई तालुक्यातल्या, आता आमच्याकडे पुण्यात असतात. डोळ्यांना कमी दिसतं, सुईत दोरा ओवता येत नाही. पण कापड हातात दिलं की नुसता अंगठा फिरवून सांगतात, "ह्यात आता जीव न्हाई. आत घाल ह्याला."

लेकीला सातवा महिना लागला तेव्हा हे काम निघालं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे. बाळासाठी बाळंतविडा लागणार आणि पाहुण्यांची ये-जा वाढणार म्हणून अंथरूण-पांघरूणही लागणार. दुकानात सगळं मिळतं. पण घरात दोन ट्रंका भरून सुती साड्या, लुगडी, धोतरं, यजमानांचे मऊ झालेले सदरे असताना पॉलिस्टरची भर घातलेली रजई विकत आणायची, हे मनाला पटेना. शिवाय तान्ह्या बाळाच्या अंगाला खूप वेळा धुतलेल्या सुती कापडाइतकं चांगलं दुसरं काही नसतं. आमच्याकडे बारशापर्यंत बाळाला कोरं कापड घालत नाहीत. रीत म्हणून पाळतात, पण तिच्यामागे शहाणपण आहे. कोऱ्या कापडात खळ असते, ते अंगाला खरखरीत लागतं, आणि त्याचा रंग पक्का आहे की कच्चा तेही अजून कळलेलं नसतं.

ट्रंका उघडून सगळं हॉलमध्ये सतरंजीवर काढलं. कडुलिंबाचा पाला घालून ठेवला होता तरी एका लुगड्याला कसर लागलेली निघालीच. खळ न काढता ठेवलेलं कापड कसरीला फार आवडतं, म्हणून वर्षानुवर्षं ठेवायची साडी खळ काढून, कडक उन्हात वाळवूनच ठेवावी. सासूबाई खुर्चीत, मी खाली. मी एकेक नग त्यांच्या हातात द्यायची आणि त्या सांगतील त्या ढिगात टाकायची. घट्ट कापडाचा एक ढीग, तो गोधडीच्या वरच्या-खालच्या अंगाला. विरलेलं पण सलग असलेलं कापड आतल्या थरांना. धोतरं आणि मलमलीसारखं मऊ झालेलं सगळं बाळासाठी. आणि जॉर्जेट, नायलॉन, चमकीच्या साड्या बाजूला, त्यांचं काय करायचं ते नंतर.

साडी सगळीकडून सारखी झिजत नाही, हे साडी नेसणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. पण कात्री हातात असली की ते नेमकं आठवावं लागतं. सहावारीचा खांद्यावर पिन लावायचा भाग भोकं पडून गेलेला असतो. निऱ्यांच्या खालची कड घासून घासून विरते, फॉल लावला असेल तर जरा वाचते. कमरेला पहिल्यांदा खोचतो तो आतला हात-दीड हात मात्र बहुतेक वेळा रंगासकट शाबूत असतो. नऊवारीचं उलट. तिथे काष्ट्याचा, बसताना घासला जाणारा भाग आधी जातो आणि पदर टिकतो. त्यामुळे एकाच साडीतला काही भाग वरच्या अंगाला चालतो, काही आत जातो, काही चिंध्यांत. साडी 'जुनी' म्हणून सरसकट बोचक्यात बांधून भांडीवालीला देण्यात हेच सगळं वाया जातं. काटकसर म्हणजे काही न टाकणं असं मी बरीच वर्षं ऐकत आले. पण काय कुठे टिकेल हे ओळखता आलं नाही तर न टाकलेल्या वस्तूंची नुसती अडगळ होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुती कोणती आणि मिसळ कोणती याची खात्री नसेल तर कडेचे दोन-चार धागे ओढून चिमट्यात धरून पेटवावेत. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो, आणि मागे मऊ राख राहते. पॉलिस्टरचा धागा आखडत जातो आणि त्याची टोकाला कडक गुंडी होते. माझ्या आवडीच्या दोन साड्या, ज्या मी वर्षानुवर्षं कॉटन म्हणूनच नेसले, त्या अशा गुंडीवाल्या निघाल्या. त्या गोधडीत घातल्या नाहीत. असं कापड घाम शोषत नाही, थरांत निसटत राहतं, आणि शेकशेगडीजवळ पांघरायला तर अजिबात नको.

निवडलेलं सगळं कोमट पाण्यात साबण घालून धुतलं, खळ काढली, दोन उन्हं दाखवली. बाळाचा ढीग वेगळा, तो उकळत्या पाण्यातून काढला. इरकली लुगड्याचा पदर मात्र उसवून बाजूला ठेवला. अंग सुती आणि पदर रेशमी असल्यामुळे धुतल्यावर दोन्ही वेगवेगळे आटतात आणि गोधडीला चुण्या पडतात. त्या लाल पदराला पुढे दुसरीच जागा मिळाली.

आता मोजमाप. नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर लांब असते आणि पन्हा साधारण सव्वा मीटरच्या आतबाहेर. आमच्याकडे इचलकरंजीचं एक हिरवं सुती नऊवारी होतं, सासूबाईंचं, जाड पोताचं. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे केले. दोन तुकडे उभे जोडले की वरचं अंग, दोन जोडले की खालचं. दोन मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद अशी दोन माणसांची गोधडी एका लुगड्याच्या पांघरुणात बसते. तुकडे जोडताना काठ मध्ये घ्यावेत असं मला वाटत होतं, दिसायला छान दिसले असते. सासूबाई म्हणाल्या, "काठ भायेर घे. गोधडी कडंलाच फाटती." काठाचं विणकाम सगळ्यांत घट्ट असतं, आणि गोधडी ओढताना आपण धरतो ती कडच. काठ बाहेर घेतले.

आत दोन थर. त्यासाठी दोन सहावारी साड्या घेतल्या, साडेपाच-साडेपाच मीटरच्या. एकीचे दोन मीटरचे दोन तुकडे उभे घातले. पण ते तसेच जोडले असते तर सगळे जोड बरोबर मध्यावर एकावर एक आले असते आणि गोधडीच्या पाठीला कणा उठला असता. म्हणून एक तुकडा अखंड मध्ये ठेवला आणि दुसरा उभा मधोमध कापून त्याचे दोन भाग दोन्ही बाजूंना जोडले. दुसरी साडी आडवी घातली, म्हणजे तिचा जोड आडवा आला. हे सगळे जोड मी पायाच्या मशीनवर घातले, तिथे मशीनच बरं. दोन्ही साड्यांतून मिळून अडीच मीटरच्या आसपास कापड उरलं, त्याची पुढे दुपटी झाली.

थर घालायला जागा आणि माणसं लागतात. गावाकडे हे काम होळीनंतर, रानातली कामं उरकली की ओसरीवर चालायचं. दुपारचं जेवण झालं की आळीतल्या बायका आपापली सुई घेऊन यायच्या. फ्लॅटमध्ये ओसरी कुठली. सोफा भिंतीला लावला आणि वरच्या मजल्यावरच्या काकू व त्यांच्या सुनेला बोलावलं. खालचं अंग सुलट बाजू जमिनीकडे करून पसरलं, कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, गव्हाचा डबा असं जे हाताला लागलं ते ठेवलं. मग एकेक थर. प्रत्येक थर मध्यातून कडेकडे तळहातानं सारवत न्यायचा. ओढायचा मात्र नाही. ओढलेलं कापड शिवल्यावर पहिल्या धुण्यात परत आखडतं आणि मग सगळी गोधडी गोळा होते. आतले थर वरच्या अंगापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं आखूड कापले, कड दुमडायला जागा राहावी म्हणून.

मग कच्चा दोरा. मध्यातून चारी दिशांना, नंतर कोपऱ्यांकडे, नंतर हातभर अंतरानं आडवे-उभे असे बोटभर लांबीचे टाके. हे नंतर उसवायचेच असतात म्हणून आळस येतो, पण खरा आधार त्यांचाच. टाचण्यांवर मी विश्वास ठेवत नाही. जमिनीवर बसून शिवताना त्या टोचतात, निसटतात, आणि बाळाच्या घरात एखादी जरी कापडात राहून गेली तरी फार वाईट.

कड दुमडून चारी बाजूंनी गोट लावला आणि पक्क्या शिवणीला बसले. आमच्याकडची पद्धत अशी, की कडेपासून सुरुवात करायची आणि चौकोनात चौकोन घालत मध्यावर यायचं. कर्नाटकात हल्याळ-येल्लापूरकडच्या सिद्दी बायका 'कवंदी' शिवतात, त्याही कडेकडून मध्याकडेच येतात, आणि त्यांच्या कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्या असतात, त्यांना त्या 'फुला' म्हणतात. कडेकडून येण्याचा फायदा असा, की सगळ्यांत जास्त हाताळली जाणारी जागा आधी पक्की होते आणि गोधडी मांडीवर घेऊन फिरवत फिरवत शिवता येते. मात्र कच्चा दोरा नीट नसेल तर सगळा ढिलेपणा मध्यावर गोळा होतो.

टाका धावदोऱ्याचा, गव्हाच्या दाण्याएवढा. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. सासूबाई अर्थातच एक बोट म्हणत होत्या. ओळी जितक्या जवळ तितकी गोधडी दाट होते, थर हलत नाहीत, धुताना आतल्या कापडाचे गोळे होत नाहीत, हे खरंच. पण आतलं कापड विरलेलं असताना त्यात फार दाट सुई घातली तर आपणच त्याची चाळण करतो. शेवटी कडेच्या हातभर पट्ट्यात एक बोट आणि आत दोन बोटं असं ठरलं, आणि ते त्यांनाही पटलं. जिथे अंगठा बिचकत होता तिथे आधी आतून ठिगळ घातलं आणि मग त्यावरून ओळ नेली.

दोऱ्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथे बऱ्याच जणी घोटाळा करतात. पॉलिस्टरचा दोरा घेऊ नये. तो तुटत नाही म्हणून चांगला वाटतो, पण जुन्या सुती कापडापेक्षा तो कितीतरी दणकट असतो, आणि ओढ बसली की दोरा तसाच राहतो, कापड कापलं जातं. सुती दोरा ओढ बसल्यावर स्वतः तुटतो, तो पुन्हा घालता येतो. दोरा हातभरच घ्यावा, लांब घेतला की पीळ पडून गाठी होतात. ओवण्याआधी मेणबत्तीवरून एकदा ओढला की सुळकन जातो. मधल्या बोटात अंगुस्तान हवंच, चार पदरांतून सुई ढकलताना बोटाची सालं निघतात. नवीन म्हणून विकत आणलं ते एवढंच: पांढऱ्या सुती दोऱ्याची रिळं, लांब सुयांचं पाकीट आणि अंगुस्तान.

मशीनवर गोधडी का नाही घातली, असं काकूंच्या सुनेनं विचारलं. मशीनवर पटकन होते, आणि नव्या कापडाची घालायची असेल तर जरूर घालावी. पण मशीनच्या पायाखाली खालचा थर पुढे सरकतो, वरचा मागे राहतो, आणि जुन्या कापडात मशीनचा घट्ट टाका ओळीनं फाटायला जागा करून देतो. हाताचा टाका सैल पडतो, कापडाबरोबर हलतो. हाताच्या गोधडीचा मऊपणा त्या सैलपणातून येतो.

लेकही अधूनमधून पाठीला लोड लावून बसायची. "आई, मला दे जरा," म्हणून तिनं एका बाजूच्या काही ओळी घातल्या. संध्याकाळी सासूबाईंनी बोटं फिरवली आणि बरोबर तिथे थांबून म्हणाल्या, "हितं पोरीचा हात हाय." तिचे टाके माझ्यापेक्षा लांब होते, पण सगळे सारखे. सासूबाईंनी ते उसवू दिले नाहीत.

बाळंतविड्याचं काम त्या मानानं हलकं. झबल्यांना यजमानांच्या आजोबांची धोतरं वापरली. झबलं करताना बाही वेगळी लावायची नाही, अंगाबरोबरच कापायची, म्हणजे काखेत शिवण येत नाही. लांबी 12 इंच पुरते. शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवल्या, दिसायला उलटं दिसतं पण बाळाच्या कातडीला काही टोचत नाही. बटण, हूक, वेलक्रो काही नाही, मागे बांधायला दोन बंद. बंद सहा इंचांपेक्षा लांब ठेवू नयेत, बाळाच्या गळ्याभोवती किंवा बोटांत अडकतात. त्याच धोतरांचे तिकोनी लंगोट केले. उरलेल्या सहावारीच्या तुकड्यांची दोन पदरी दुपटी, कडेनं आणि मधून मोजक्याच ओळी घातलेली, कारण दुपटं रोज धुवायचं आणि पटकन वाळायला हवं.

आणि तो इरकलीचा लाल पदर. त्याची कुंची केली, बारशासाठी. आयताकृती कापड मधोमध दुमडून वरची एक बाजू शिवली की डोक्याचा भाग होतो, मानेपाशी बारीक चुण्या घालून बंद लावायचे, बाकीचं पाठीवर सोडून द्यायचं. रेशीम आणि जर थेट बाळाच्या कपाळाला लागू नये म्हणून आतून मलमलीचं अस्तर दिलं. सासूबाईंनी ती कुंची बराच वेळ मांडीवर ठेवली होती. तो पदर त्यांच्या आईकडून आलेल्या लुगड्याचा होता, हे त्यांनी तेव्हा सांगितलं.

बाजूला ठेवलेल्या जॉर्जेट-नायलॉनच्या साड्यांच्या दोन इंची पट्ट्या फाडल्या, तीन पट्ट्यांची वेणी घातली, आणि वेणी गोल गुंडाळत मोठ्या सुईनं शिवत गेले. दाराबाहेरचं पायपुसणं झालं. असं कापड पाणी शोषत नाही, पण चिखल-माती झटकली की जाते आणि झिजता झिजत नाही. न्हाणीघराबाहेर सुती चिंध्यांचं वेगळं केलं. नऊवारीच्या पदराचा उरलेला काठ आणि यजमानांच्या जुन्या पॅंटी यांच्या मंडईच्या पिशव्या केल्या. 2018 मध्ये राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून मी कापडी पिशव्या शिवते आहे, आणि इतक्या वर्षांत कळलेली गोष्ट म्हणजे पिशवी कापडात फाटत नाही, बंदाच्या मुळाशी फाटते. म्हणून बंदाला काठ चौपदरी दुमडून घ्यायचा, आणि जोडताना चौकोन शिवून त्यात फुली मारायची. तळाचे दोन्ही कोपरे तिरके शिवले की पिशवीला बूड येतं आणि टोमॅटो कांद्याखाली चिरडत नाहीत.

गोधडी पूर्ण झाल्यावर कच्चे दोरे उसवले आणि एक दिवस गच्चीत उन्हात टाकली. धुण्याबद्दल लोक घाबरतात. भिजली की ती इतकी जड होते की एकटीला उचलवत नाही. घटस्थापनेच्या आधी गावोगाव गोधड्या नदीवर नेऊन धुतात तेव्हाही दोघी-तिघी मिळूनच पिळतात. फ्लॅटमध्ये मी ती न्हाणीघरात पसरून, साबणाच्या पाण्यात पायांनी तुडवून धुते, पिळत नाही, कठड्यावर निथळत ठेवते आणि मग दोन दोऱ्यांवर आडवी टाकते, म्हणजे एका ओळीवर ताण येत नाही. वर्षातून दोनदा पुरे. एरवी ऊन दाखवायचं आणि वर सुती चादर घालायची.

आता बाळ तीन महिन्यांचं आहे आणि दुपटी रोज दोरीवर असतात. हिरवी गोधडी पाहुण्यांसाठी म्हणून शिवली होती, ती लेकीनं स्वतःकडे घेतली. वापरून काही वर्षांनी वरचं अंग विरेल. तेव्हा ती उसवायची नाही, तशीच मध्ये ठेवून वरून-खालून नवं पांघरूण घालायचं आणि पुन्हा ओळी मारायच्या. सासूबाईंच्या माहेरी अशी तीनदा अंग बदललेली वाकळ आहे, आतल्या आत दोन पिढ्यांची लुगडी. आमच्या गोधडीच्या पुढच्या अंगासाठी एक पिवळं नऊवारी सासूबाईंनी आत्ताच बाजूला काढून ठेवायला लावलं आहे. धुऊन, खळ काढून, कडुलिंबाचा ताजा पाला घालून ते ट्रंकेत ठेवलं आहे, आणि काठ बाहेर घ्यायचे असं घडीत चिठ्ठीवर लिहून ठेवलं आहे.